अडवलेलं नाव

हरणीच्या विमानतळावर दिल्लीचं विमान रखडलं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई सांगत होत्या, इंटरनेटवर वेबसाइटची नावं कुणाला द्यायची याच्या नियमांवर सरकारांशी बोलणी करणं, ही त्यांची नोकरी. बोलताना दोन्ही तळहात पसरत, जणू भांडणारे दोन पक्ष समोर बसलेत.

कुणालाच न सांगितलेलं मी पहिल्यांदाच बोलून गेलो. लहरीपुऱ्याच्या बाजारात माझ्या दुकानाशेजारी असलेल्या साडीवाल्या गुजराती काकांच्या दुकानाचं नाव इंटरनेटवर मीच माझ्या नावावर घेऊन अडवलं होतं, जळफळाटानं. "आता नोंदणीची मुदत संपू देतो."

"सोडलंत तर तिसराच उचलेल. त्यांच्या नावावर करा."

परतल्यावर केलं, काकांना सांगितलंही.

"बेस ना, भाई," काकांनी खुर्ची पुढे सरकवली. "मला वाटायचं, मी दुकान मोठं केलं म्हणून माझ्याशी बोलत नाहीस."

"तेही आहेच," मी म्हणालो, आणि दोघंही हसलो.