उठलाबाय

तिचे खरे नाव आग्नेस. पण चकाल्याच्या गावठाणाला लागून असलेल्या आमच्या चाळीत तिला सगळे उठलाबाय म्हणत. ईस्टरच्या सकाळी चर्चमधून घरी न जाता ती थेट चाळीत शिरे आणि दारोदार एकच बातमी देई, "उठला रे, उठला!" क्रुसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला तो हा दिवस, पण ती त्याचे नावसुद्धा घेत नसे. दुसरे कोण उठणार, असा तिचा सवाल.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, पोस्टातून निवृत्त झालेले. देव, नवग्रह आणि सरकार यांपैकी कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. ते दरवर्षी माझ्या पलंगाकडे बोट दाखवून म्हणत, "तुमचा उठला असेल हो बाय, आमचा अजून झोपलाय." बँकेत लागल्यापासून रविवारी उशिरापर्यंत लोळणे हाच माझा धर्म होता. तिचेही उत्तर ठरलेले, "झोपू दे, नाना. उठंल."

मग ती फुगे पुढे करी. फुगे म्हणजे गोल, टम्म फुगलेले तळलेले पाव. पिठात अंडी आणि ताडी असते हे आईला ठाऊक होते. सवयीने शाकाहारी असलेल्या नानांना कुणी सांगितले नव्हते. "यांच्या हाताला चव आहे," असे म्हणत ते चौथा उचलत आणि दोघी बायका एकमेकींकडे बघत नसत.

भपक्याचे तिला वावडे होते. एकदा चर्चमध्ये बिशप येणार म्हणून मंडप, बँड आणि तासभर भाषणे झाली. परतताना ती म्हणाली, "तो उठला तवा मंडप कोनी घातलेला? दोन-तीन बाया थडग्यावर गेलेल्या, त्यापन मड्याला तेल लावायला. त्यांनाच पयलं कळलं."

तिचा एकुलता मुलगा पास्कू. ईस्टरच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या पास्कोआच्या, दिवसांत जन्मला म्हणून पास्कू. साकीनाक्याच्या एका कारखान्यात तो लेथवर होता. एका वर्षी ईस्टर दोन आठवड्यांवर आला असताना फाटकावर दोन युनियनची मारामारी झाली आणि कुणीतरी त्याच्या पोटात सुरा खुपसला. तो कोणत्याच युनियनचा नव्हता. मेल्यावर मात्र दोन्हींचा झाला. दोन्ही पुढारी हार घेऊन आले. "हुतात्मा पास्कू अमर रहे!" अशा घोषणा गावठाणात घुमल्या.

बाय ओट्यावरून म्हणाली, "अमर? मंग पेटीत कोन हाय? हुतात्मा नाय रे माझा पोर. जेवायला घरी निघालेला." घोषणा थांबल्या. हार तिने घेतले नाहीत.

ईस्टर आला. चर्चची घंटा झाली, माणसे परतली, चाळीत हाक आली नाही. नाना दारात पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. शेवटी त्यांनी सदरा चढवला. सुतकाच्या घरी गोड कसे न्यायचे म्हणून आईने काही दिले नाही. नाना रिकाम्या हातांनी निघाले, त्यांच्या मागे मी.

ती काळा झगा घालून ओट्यावर बसली होती. बाजूला फुग्यांचे भांडे, झाकलेले. म्हणजे केले होते, पण तिच्याच्याने पुढे जाववले नव्हते. नाना ओट्यापाशी गेले. त्यांनी विचारले, "बाय, उठला ना?"

तिने वर पाहिले. "उठला, नाना." मग म्हणाली, "माझा अजून झोपलाय."

नानांनी ओट्याचा खांब धरला. कशावरही विश्वास नसलेला तो माणूस म्हणाला, "झोपू दे, बाय. उठेल."

तिने भांड्यावरचे झाकण काढले.

माझा अशा गोष्टींवर आजही विश्वास नाही. पण पुढच्या ईस्टरला चाळीत हाक आली, "उठला रे, उठला!" तेव्हा मी केव्हाचा जागा होतो. पांघरूण डोक्यावर ओढून घेतले आणि नाना काय म्हणतात त्याची वाट पाहत पडून राहिलो.