ह्या टायमाला न्हाय

लग्नानंतर मी शाहूपुरीतल्या आमच्या साड्यांच्या दुकानात बसायला लागले, तेव्हा मामंजींनी मला सगळ्यात आधी रस्त्यावरून जाणारी एक बाई दाखवली. म्हणाले, "ही आत आली की नजर हलवायची न्हाय."

बाई जयसिंगपूरकडची, चाळिशीतली. बोलता बोलता घडी केलेली अख्खी साडी नऊवारीच्या ओच्यात सरकवायची. मामंजींनी तिला पकडून दिलं होतं, इतर दुकानदारांनीही. दर वेळी ती कोर्टात गुन्हा कबूल करायची, थोडे दिवस आत राहायची आणि बाहेर आली की पुन्हा बाजारात दिसायची.

मामंजी गेले आणि दुकान माझ्यावर आलं. त्यानंतर दोन हजार सालाच्या आसपास एका दुपारी ती मुलीला घेऊन आली.

"वैनी, आज इकत घ्यायला आलोय. पोरीचं लगीन हाय."

तिनं दोन्ही हात गादीवर, माझ्यासमोर ठेवले आणि शेवटपर्यंत उचलले नाहीत. साड्या मुलीनंच उलगडल्या. पसंत पडलेली आंबा रंगाची साडी घेऊन, बिल चुकतं करून दोघी बाहेर पडल्या.

थोड्याच वेळात मुलगी रडत परत आली. कोपऱ्यावर हवालदारानं आईला धरलं होतं. मी बिलाची प्रत घेऊन चौकीत गेले.

"ताई, ही साडी तिनं इकत घेतली, मान्य," फौजदार म्हणाले. "पण परवा पलीकडच्या दुकानातला माल गेला, त्याचं काय?"

"तिला तिथं कुणी बघितलं का?"

"बघायला कशाला पायजे? हिच्याशिवाय कोण हाय?"

ती भिंतीला टेकून फरशीवर बसली होती. मी शेजारी वाकले. "मावशी, कबूल करू नका. मी वकील बघते."

"वकील दिला की तारखा पडत्यात, वैनी. मला जामीन कोण ऱ्हाणार? तवर आतच. कबूल केलं की लवकर सुटतो."

"पण तुम्ही केलंय का?"

"ह्या टायमाला न्हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

तिनं कबूल केलं. पण जुन्या शिक्षा समोर होत्या, म्हणून या वेळी न्यायाधीशांनी शिक्षा वाढवली. लग्न तिच्याविनाच झालं. मी गेले होते. आईच्या जागी मुलीची सख्खी मावशी उभी होती, आणि आई दवाखान्यात असल्याचं वऱ्हाडाला सांगितलं होतं. नवरी पाटावर मान खाली घालून बसली होती.

खरं फार दिवस झाकलं गेलं नाही. सुटून आल्यावर ती लेकीला भेटायला गेली, तर सासरच्यांनी दारातूनच परत लावलं. हे मला तिच्या बहिणीनं सांगितलं.

पुढं एकदा स्टँडजवळ ती दिसली. दंडाला धरून हवालदारीण तिला नेत होती. केस पांढरे झाले होते. मी "मावशी" म्हणून हाक मारली. तिनं वळून बघितलं, ओळखलं, पदर तोंडावर ओढला आणि भराभर पुढं चालू लागली.