मुद्देमालातल्या प्रेमकविता

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे एक विसरावं अशी फार इच्छा होती, पण ते काही जात नाही. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. औरंगाबादच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत.

एका कॉलेजच्या ग्रंथपालानं फिर्याद दिली, की कपाटातली सहा जुनी लॅटिन पुस्तकं चोरीला गेली. दुसऱ्याच दिवशी शहागंजातल्या रद्दीवाल्यानं खबर दिली. "साब, ऐसी किताबां इदर एकच आदमी लेता. वो रिटायर मास्तर."

मास्तर एकटेच राहत. निजामाच्या काळात पाद्र्याच्या शाळेत ते लॅटिन शिकले होते. छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या सामानाचे लिलाव आणि रद्दीचे ढीग धुंडाळून त्यांनी तीस वर्षांत रोमन कवींच्या प्रेमकवितांच्या जुन्या आवृत्त्या जमवल्या होत्या. एकूण अकरा पुस्तकं, कातडी बांधणीची, काही तर दोनशे वर्षांपूर्वी छापलेली. पंचनामा करून मी सगळी उचलली.

ठाण्यात ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी कॉलेजचं रजिस्टर बघा. माझ्या प्रती वेगळ्या आहेत."

रजिस्टर मागवायला शिपाई पुरला असता. मी उलट म्हणालो, "वाचून दाखवा बरं, काय लिहिलंय." त्यांनी वाचलं आणि मराठीत अर्थ सांगितला. कुणी एक पुरुष रुसलेल्या बाईची विनवणी करत होता. शिपाई खिदळले. मीही म्हणालो, "मास्तर, ह्या वयात?" त्यांनी पुस्तक मिटलं. पुढचं वाचलं नाही.

मुद्देमालाला चिठ्ठी बांधून लाखेचं सील करावं लागतं. जमादार दाभण आणि हातोडी घेऊन आला. "सायेब, चिठ्ठी वरच्यावर गळून पडती. आरपार भोक पाडून सुतळी ओवू का?"

मास्तर बाकावरून उठले. "थांबा. मी चोरी कबूल करतो. भोकं पाडू नका."

मला वाटलं, तपास लागला. जबाब लिहून घेतला, सही घेतली. आणि आता माल कोर्टात जाणार म्हणून सील पक्कंच हवं, असा हुकूम दिला. मास्तरांच्या देखत अकराही पुस्तकांना भोकं पडली. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

पुढं आरोपपत्राची कागदपत्रं जुळवताना रजिस्टर मागवावंच लागलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'बांधणीस दिली'. सहाही पुस्तकं बाइंडरकडे होती. ग्रंथपाल विसरला होता.

माल परत न्यायला मास्तर आले, तेव्हा मी पावती पुढं केली. त्यांनी ती नीट वाचली. "साहेब, इथं 'सुस्थितीत परत मिळाला' असं लिहिलंय."

"छापील नमुना आहे. तसंच असतं," मी म्हणालो.

त्यांनी सही केली, पुस्तकं धोतराच्या जुन्या पानात बांधली आणि गेले. मी माफी मागितली नाही. वर्दीतल्या माणसानं माफी मागू नये, असं मला वाटायचं.

त्यानंतर कुणीही पटकन कबुली दिली, की मी स्वतःला विचारायचो, हा माणूस नेमकं काय वाचवतोय? बऱ्याच जणांचं त्यामुळे भलं झालं. मास्तरांचं झालं नाही. पावतीवरचा तो एक शब्द खोडायला पेन माझ्या हातातच होतं.