सलामीची घोडी

त्यानं माझा पाय धरला आणि मला घोडीवरून खाली ओढलं. दुसरा पाय रिकिबीत अडकून तसाच वर राहिला. डोकं सिमेंटच्या रस्त्यावर आपटलं. तोंडात रक्त. वर बघते तर गावचे जमीनदार, त्या मालकांचा मुलगा, ज्याला सगळं गाव छोटे मालक म्हणतं. हातात चाबूक. पहिला फटका खांद्यावर, दुसरा गालावर. मी पंचविशीची बाई, पाठीवर स्पर्धेचा क्रमांक बांधलेला, आणि गाव ओट्यावर बसून बघत होतं.

"घोडीले समजते," तो म्हणाला. "तुले नाई समजत?"

घोडीला काय समजतं ते सांगते. आमच्या घरी वरातीची घोडी आहे, मैना. आसपासच्या खेड्यांत कुठंही लग्न असलं की तीच जाते. नवरदेव वर बसतो, माझे बाबा लगाम धरून पायी चालतात. घोडी आमची, पण आमच्या आळीतलं कुणी तिच्यावर बसून मालकांच्या फाटकासमोरून कधी गेलेलं नाही. उतरायचं, चपला हातात घ्यायच्या, घोडी ओढत न्यायची. वरात असली तर त्या फाटकासमोर मैनेनं पुढचे गुडघे टेकायचे. सलामी. ती झाल्याशिवाय बँडवाले पाऊल पुढं टाकत नाहीत. आमची जात कोणती हे मी लिहीत नाही. ज्याला कधी असं उतरावं लागलंय, त्याला ती कळली.

सलामी शिंगरू असतानाच शिकवतात. पुढच्या पायाला दोर बांधून मागं ओढायचा आणि नडगीवर काठी हाणायची, गुडघे टेकेपर्यंत. बाबांनी तिला तशीच शिकवली. मैनेच्या गुडघ्यांवर अजून केस उगवत नाहीत.

मालकांनी शेतात घोड्यांचा क्लब काढला तेव्हा मी तिथं लीद काढायला लागले. शहरातली माणसं गाड्या घेऊन यायची आणि एक नवाच खेळ खेळायची. नकाशा बघून घोड्यावरून वाट शोधायची, मग मैदानात अडथळे पार करायचे. पडलेला ओंडका, खाली झुकलेली फांदी, अरुंद पूल, घोड्यावर बसूनच उघडायचं आणि लावायचं फाटक. बघून बघून मला वेड लागलं. सुट्टी झाली की मी माळावर जुने टायर आणि बांबू मांडायचे आणि मैनेला त्यावरून न्यायचे. डीजे आणि फटाक्यांत उभी राहणारी घोडी ती, टायरला काय भिते. सुरुवातीला मीच पडायचे. ढुंगण सोलून निघायचं, तरी हसू यायचं. इतका आनंद मला दुसऱ्या कशानं झाला नव्हता.

स्पर्धा ठरली. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, स्वतःचा घोडा असेल तर कुणीही उतरा. मी नाव दिलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं.

"नाव देऊन राह्यली म्हणे तू?"

"हाव."

"कायले वं? आपलं काम लगाम धराचं."

"धरला नं बाबा. आता बसते म्हणते."

ते जेवता जेवता उठून गेले.

स्पर्धेच्या दिवशी तंबूत मोठा नकाशा टांगलेला होता. त्यावरची लाल रेघ आपापल्या कागदावर काढून घ्यायची. मी काढत गेले आणि पेन थांबला. रेघ मालकांच्या फाटकासमोरून गेली होती. नकाशा काढणारे बाहेरचे, त्यांना आमच्या गावचा कायदा कुठून माहीत असणार. मी बाईंना विचारलं, इथं उतरून गेलं तर चालेल का.

"नाही, उतरलात की बाद. का, रस्ता खराब आहे का?"

"रस्ता चांगला आहे," मी म्हणाले.

तर मी उतरले नाही. ताठ बसून फाटकापर्यंत गेले. आणि तिथं मैना थांबली. पुढचे गुडघे टेकले, मान खाली घातली. ओट्यावरची माणसं खो खो हसली. मी टाचा मारल्या, लगाम खेचला, ती हलेना. मग फाटक उघडलं, छोटे मालक बाहेर आले, आणि पुढचं सुरुवातीलाच सांगितलं.

बाबा धावत आले. मला वाटलं, मला उठवतील. त्यांनी त्याचे पाय धरले.

"चुकलं मालक. पोरीची अक्कल ते." आणि माझ्या फुटलेल्या गालावर त्यांनीच चापट मारली. "पाया पड."

तेवढ्यात चाबूक मैनेवर फिरला. मानेवर, तोंडावर, डोळ्याच्या कडेला. ती ओरडली नाही, उठलीही नाही. मार बसला की गुडघे टेकून राहायचं, एवढंच तिला शिकवलेलं. बाबांनाही. मलाही. ते मला एकदम दिसलं.

चाबूक पुन्हा आला तेव्हा मी तो हातानं पकडला. तळवा फाटला. मनगटाला वेढा देऊन असा हिसडा मारला की मालकांचा मुलगा तोंडावर आपटला. मग चाबकाची मूठ माझ्या हातात होती. मी त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटला. पुन्हा मारली. दात पडला. तो आईला हाका मारायला लागला तरी मी मारत होते. लोकांनी ओढून काढलं तेव्हा थांबले. मला बरं वाटलं, आणि हे मी सोज्वळ करून लिहिणार नाही.

मैनेच्या गळ्याला हात लावून म्हणाले, "ऊठ माय." ती उठली. मी वर चढले आणि फाटकासमोरून बसूनच गेले.

मैदानावर परीक्षक बाईंनी मला अडवलं. स्पर्धकानं हात उचलला म्हणून बाद. "माफी मागा, विषय इथंच मिटेल," त्या म्हणाल्या. त्याला काही विचारलं का, मी म्हणाले. त्यांनी कागदावरच्या माझ्या नावावर रेघ मारली.

आता मैनेला वराती मिळत नाहीत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. माझ्यावर गुन्हा दाखल आहे, त्याच्यावर नाही. मी माझी तक्रार घेऊन पुन्हा ठाण्यात जाणार आहे, लिहून घेईपर्यंत जाणार आहे. पुढच्या स्पर्धेला, दुसऱ्या जिल्ह्यात, नाव दिलं आहे. मैनेची सलामी मी मोडते आहे, काठी न लावता. वेळ लागतो. अजूनही ती मध्येच गुडघे वाकवते. मी वर बसून राहते, ती सरळ होईपर्यंत. माफी मी मागणार नाही, कुणाची नाही. आणि यापुढं ज्याला माझा पाय धरून खाली ओढायचं असेल, त्यानं स्वतःचा हात मोडून घ्यायच्या तयारीनं यावं.