न सुटलेली संकष्टी

दुपारचे तीन वाजलेत. गॅसवर आमटी बारीक आचेवर आहे आणि मी ओट्याशेजारच्या थंड फरशीवर आडवी झालेय, नुसती पाठ टेकायला. साडेपाचच्या एसटीनं ऋतुजा येणार. माझी एकुलती एक लेक, चौदा वर्षांची, मामाकडं राहते. गेल्या दोन्ही खेपांना ती स्वतःचा डबा घेऊन आली. "मामीनं दिलाय, वाया कशाला घालवायचा?" म्हणाली आणि माझ्यासमोर बसून मामीची चपाती खाल्ली. तुरुंगातून सुटून आलेल्या बाईनं लेकीशी जेवणावरून भांडू नये, एवढं मला कळतं.

आमटीचा रटरट आवाज लांब जातो, जवळ येतो. डोळे जड होतात.

"वैजे, मीठ घातलंस का गं?"

आत्याबाई. माझ्या सासूबाई. शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये पालथ्या बादलीवर बसल्यात, मांडीवर सूप घेऊन. शेडला खिडकी मात्र आमच्या घरची आहे. त्या जाऊन दीड वर्ष झालं, मला तुरुंगात आठ दिवसांनी कळलं, हे सगळं ठाऊक असून मी विचारते, "जेवलात का?"

"मला कोण वाढतंय?" त्या तांदळातला खडा काढून खिडकीबाहेर टाकतात.

मी पातेलं ढवळतेय. पातेलं शाळेचं आहे, दीडशे पोरांचं. शेजारी खिळ्याला चवीची वही लटकतेय. नियम असा की पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी स्वयंपाकिणीनं खिचडी खाऊन बघायची आणि वहीत सही करायची. सहा वर्षं मी रोज खाल्ली, रोज सही केली. त्या दिवशी ऋतुजाला ताप होता, ती घरी होती, आणि तिचा ताप उतरावा म्हणून आत्याबाईंनी मला संकष्टी धरायला लावली होती. उपासाला भात तोंडात कसा घालायचा? मी चव घेतली नाही. सही मात्र सवयीनं ठोकली.

गोदामात तांदळाच्या पोत्यांवर उंदरांचं औषध सांडलं होतं, हे कोर्टाला पटायला चार वर्षं दोन महिने लागले. तोवर सगळ्यांना सोपं ते पटलं, की खिचडीत विष मीच कालवलं. खाल्ल्याची सही आहे, पण बाईला साधी उलटी नाही. स्वतःची पोर तेवढी घरी ठेवली. दुसरीतली एक मुलगी गेली. तिचं नाव मला अजून तोंडानं घेता येत नाही.

सूप, बादली, आत्याबाई, सगळं आता चौकोनाचौकोनांत दिसतंय. आमच्या मध्ये तुरुंगातल्या मुलाखतीच्या खोलीतली जाळी आहे.

"तुमचा राग येतो मला," मी म्हणते. "उपास धरायला लावलात. आणि मी सुटायच्या आत निघून गेलात."

"व्हय," त्या म्हणतात. "दोन्ही माझंच."

सरकारी वकिलानं त्यांना विचारलं होतं, उपासाचा पुरावा काय? तेव्हा त्या साक्षीच्या पिंजऱ्यात ताठ उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "तवाच तिच्या तोंडाचा वास घ्यायचा हुता की." सगळं कोर्ट हसलं होतं. मीसुद्धा.

"मी खाल्ली असती तर मलाच आधी उलट्या झाल्या असत्या, आत्याबाई. पोरांना वाढलीच नसती. ती पोर..."

कोर्टानं मला निर्दोष म्हटलं, पण हे मला कुणी विचारलंच नाही. मला वाटतं, आत्याबाई म्हणतील की तुझी चूक नाही. त्या तसं म्हणत नाहीत.

"ते मला न्हाई ठावं," त्या म्हणतात. "पर चतुर्थी सोडलीस का तू?"

माझा हात थांबतो. चंद्र उगवायच्या आत पोलिसांची गाडी आली होती. झाकलेलं ताट तसंच राहिलं. पुढं तुरुंगात जेवले ते पोट मागतंय म्हणून. उपास सोडला असं कधी वाटलंच नाही. आता सुटून नऊ महिने झाले. रांधते, पण रांधताना चव घेत नाही. खारट होवो, अळणी होवो, खाली मान घालून गिळते.

"चंद्र कवाच वर आलाय," आत्याबाई म्हणतात. एसटी स्टँडच्या पत्र्यावर भर उन्हात चंद्र आहे. आम्ही बाकावर बसलोय, मधे माझ्या घरचं आमटीचं पातेलं. समोर गाडी लागतेय आणि दारात ऋतुजा उभी आहे, डबा छातीशी धरून.

"हात कर फुडं."

मी तळहाताचा खळगा करते. त्या पळीतून थेंबभर आमटी ओततात. चटका बसतो.

"आदी तू खा. मग पोर खाईल. तिला कळतंय, तू चव बघत न्हाईस ते."

मला भीती वाटते. हात ओठांपर्यंत नेते आणि तिथंच धरून ठेवते.

फरशी. ओट्याची कड. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. शेजारच्या अंगणात कुणीतरी बादली आपटतंय. घरात माझ्याशिवाय कुणी नाही, आणि हे मला रोजच्यापेक्षा जास्त लागतं.

उजवी मूठ वळलेली आहे. उघडते तर तळहाताच्या खळग्यात पिवळा थेंब, कडेनं वाळत आलेला, मध्ये अजून ओला. पळी वर ताटलीत आहे, मी ठेवली होती तशीच. आमटी उतू जाऊन ओघळली असेल म्हणून ओटा चाचपते, फरशी चाचपते. सगळं कोरडं आहे.

बराच वेळ मी हाताकडं बघत बसते. मग चाटते.

अळणी. मीठ घालायचंच राहिलंय.

उठून मीठ घालते, ढवळते, पुन्हा तळहातावर घेऊन बघते. आता बरोबर आहे. साडेपाचला गाडी येईल. ऋतुजा आली की आधी माझं ताट वाढीन आणि तिच्यासमोर पहिला घास मी घेईन. मग तिनं मामीचा डबा उघडला तर उघडला.