दत्तूदादाची फरकाची चिठ्ठी

छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांच्या खालोखाल काय साठत असेल, तर किस्से! खिळे निदान वापरून झाले की परत खणात टाकता येतात. किस्से मात्र ज्याच्याबरोबर हसायचं तोच माणूस नसला की नुसते अंगावर येतात. म्हणून तुम्हाला सांगतो. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा सांभाळून घ्या.

सांगलीतला आमचा छापखाना. मी ट्रेडल मशीनवर, थोरला भाऊ दत्तूदादा प्रूफं तपासायला. प्रूफ सुधारून झालं की दादा त्याला एक चिठ्ठी टाचायचा. कालच्या कागदात आणि आजच्या कागदात काय बदललं, आणि ते कुणी सांगितलं, एवढंच त्यात. गिऱ्हाइकानं सगळा मजकूर पुन्हा वाचायला नको. आम्ही तिला 'फरकाची चिठ्ठी' म्हणायचो.

आषाढात दादा काविळीनं गेला. मालक म्हणाले, "नामा, चिठ्ठ्या तू लिहून बघ. दसऱ्यापर्यंत जमलं न्हाई, तर कऱ्हाडहून माणूस आणतो." दादाच्या स्टुलावर परका माणूस! मी विचार न करता बोलून गेलो, "जमतंय की!"

* * *

ही चिठ्ठी सुरू झाली एका सुभेदारामुळं. एकाहत्तरच्या लढाईहून परत आलेला माणूस, मुलाची लग्नपत्रिका छापायला आला. घाईत आम्ही आधीच्या एका पत्रिकेचा जुळवलेला मजकूर तसाच घेऊन नुसती नावं बदलली होती. सुभेदारांनी प्रूफ वाचलं आणि खुर्चीतून उठलेच.

"आवं, माझ्या नावाम्होरं 'कै.' कुणी लावलं? लढाईत मेलो न्हाई, तुमी सांगलीत मारला व्हय!"

दादानं चिमट्यानं ते अक्षर उपटलं, नवं प्रूफ काढलं आणि वर चिठ्ठी टाचली : "फरक एक. सुभेदार जिवंत केले. सांगणारे : स्वतः सुभेदार."

सुभेदार पोट धरून हसले. चिठ्ठी खिशात घालून घेऊन गेले. मीपण हसलो होतो. एक अक्षर उपटलं की माणूस परत! आता ते आठवलं की मशीन थांबवून मागच्या दारी जावं लागतं.

* * *

शिराळ्याचं एक मंडळ नागपंचमीचं हँडबिल छापायला यायचं. सकाळी अध्यक्ष एकटे येऊन स्वतःचं नाव वर घ्यायला सांगायचे, दुपारी उपाध्यक्ष एकटे येऊन स्वतःचं. दादा दोघांनाही 'हो' म्हणायचा. शेवटी सगळं मंडळ प्रूफ बघायला आलं, तर वर चिठ्ठ्या टाचलेल्या.

"फरक एक. अध्यक्ष वर गेले. सांगणारे : स्वतः अध्यक्ष."

"फरक एक. अध्यक्ष खाली आले. सांगणारे : उपाध्यक्ष."

छापखान्यात नाग सोडल्यासारखी पळापळ झाली! त्यानंतर बदल सांगायला कुणी आलं की आधी विचारायचं, "सांगणाऱ्याचं नाव लिवता का?"

"लिवतो."

"मग ऱ्हाऊ द्या. हाय तेच लय चांगलं हाय!"

* * *

आता माझा पराक्रम. एकदा दादा सासुरवाडीला गेला होता. म्हटलं, आपणच खिळे जुळवावेत, त्यात काय एवढं! आटपाडीची लग्नपत्रिका होती. कागदावर दिसलं तेवढं सगळं जुळवलं, खाली टाचलेल्या चिठ्ठीसकट. दोनशे पत्रिका झरझर छापून काढल्या. वधूचं नाव 'सुमन' होतं, चुकून 'सुमती' पडलं होतं, ते दादानं सुधारलं होतं. पण त्याला शब्द कमी वापरायची सवय. त्यामुळं पत्रिकेच्या तळाशी, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'च्या खाली, ठळक छापलं गेलं :

"फरक एक. वधू बदलली. सांगणारे : वराचे मामा."

मुलीच्या बापानं वाचलं. मी मशीनमागं लपलो. ते मालकांना म्हणाले, "दुसऱ्या छापा. पर ह्या वाटल्या असत्या, तर लग्नाला दुप्पट माणूस आलं असतं!"

* * *

दादाची ही खोड घरीही होती. एकदा ताटाखाली चिठ्ठी सरकवली : "कालची आमटी आणि आजची आमटी. फरक एक. पाणी."

वहिनीनं तीच चिठ्ठी उलटी करून लिहिलं : "सांगणाऱ्या : सासूबाई." दादा गपचूप दोन वाट्या प्याला!

* * *

दवाखान्यात दादाच्या खाटेला तापाचा तक्ता अडकवलेला असायचा. एका सकाळी मला म्हणाला, "नामा, कालचं आणि आजचं बघ रं. फरक किती?"

मी बघितलं. म्हटलं, "काय न्हाई, दादा."

"मग चिठ्ठी नको," म्हणाला, आणि डोळे मिटून हसला.

* * *

दसऱ्याला चार दिवस उरले होते. औंधचे एक गुरुजी शाळेच्या अंकाचं प्रूफ बघायला आले. अख्ख्या आयुष्यात त्यांनी आपली चूक कबूल केली नव्हती, अशी त्यांची ख्याती. मी लिहिलेली चिठ्ठी त्यांनी वाचली, लाल पेन्सिल काढली आणि प्रूफ बाजूला ठेवून माझी चिठ्ठीच तपासली. ऱ्हस्व, दीर्घ, काना, मात्रा. कागद लालभडक. मालक बघतच होते. म्हणाले, "बरं झालं, कऱ्हाडच्या माणसाला कालच निरोप धाडलाय."

माझं डोकं फिरलं. गुरुजींच्या हातातून चिठ्ठी ओढली, स्टुलावर बसलो, नवी लिहिली आणि त्यांच्यापुढं आपटली :

"पहिली चिठ्ठी आणि ही चिठ्ठी. फरक नऊ. चुका सगळ्या माझ्या. सांगणारे : गुरुजी."

गुरुजींनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी-शेजारी ठेवल्या. चष्मा पुसला. पुन्हा वाचल्या. मग लाल पेन्सिलीनं 'नऊ' खोडलं.

"आठ," म्हणाले. "'दुरुस्ती' तू बरोबर लिहिलं होतंस. ती चूक माझी. कुणी शिकवलं रे तुला?"

मी बसल्या जागी दादाच्या स्टुलावर हात फिरवला.

मालकांनी घसा खाकरला. "मग गुरुजी, त्या कऱ्हाडच्या माणसाला काय सांगू?"

"लवकर ये म्हणावं," गुरुजी प्रूफ हातात घेत म्हणाले. "मशीनवर उभं राहायला माणूस नको का!"