सोडायच्या घराचं सारवण

दुष्काळाच्या वर्षी आमच्या कॉलेजचा कॅम्प पन्हाळ्यापलीकडं मसाईच्या पठारावर लागला होता. कड्यातली जुनी लेणी साफ करून त्यांची मापं घ्यायची होती. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळं लेण्यांची माहिती सांगायला नेहमी पुढं.

तंबूंच्या पल्याड एका धनगरणीचं एकटंच घर होतं. पाण्यावाचून म्हशी विकाव्या लागल्या होत्या आणि आमची गाठ पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती नवऱ्याबरोबर पठार कायमचं सोडणार होती. बोलताना ती आमच्याकडं न बघता म्हशी चरायच्या त्या मोकळ्या माळाकडं बघायची. तिनं घागरभर पाणी मागितलं. आमचं पाणी खालच्या गावातनं बैलगाडीनं यायचं, तरी पिण्यासाठी म्हणून दिलं.

संध्याकाळी बघतो तर त्याच पाण्यात आमच्या बैलांचं शेण कालवून बाई घर सारवत होती.

माझा मित्र तडकला. "मावशी, प्यायला दिलतं की पाणी. सोडून जायचं घर कोण सारवतंय?"

"पेयाला खाली कोनबी दील, पावणं," ती हात न थांबवता म्हणाली. "ह्ये घर खाली मिळायचं न्हाय." मग लेण्यांकडं मान करून तिनं मला विचारलं, "तितली मान्सं का गेली?"

"कुणालाच माहीत नाही," मी म्हणालो.

"मग आमचंबी कुनाला ठावं ऱ्हानार न्हाय. पर गचाळ व्हती म्हनाय नगो."

सकाळी ती दोघं गेल्यावर आम्ही तिच्या दारात जाऊन उभे राहिलो. जमीन अजून ओली होती. चपला काढूनही कुणी आत पाऊल टाकलं नाही.